आईचा नंबर बंद करावा का?

मोगरी_कोथरूड
आषाढात आई गेली. दिवस झाले, दाखले झाले, भेटायला येणारे थांबले. आता घरात वाद आहे तो तिच्या मोबाइल नंबरवरून.

फोन बाबांकडे असतो. रोज रात्री स्वतःच्या फोनबरोबर तिचाही चार्जिंगला लावतात, रिचार्ज संपत आलं की कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन करून येतात. दादा म्हणतो, महिन्याला दोनशे रुपये कशासाठी, आणि रोज जखम कशाला उघडी ठेवायची? बाबा काही बोलत नाहीत, पण पुढच्या महिन्यात पुन्हा रिचार्ज झालेलं असतं.

फोन वाजतोही. साडीच्या दुकानाचा सेल, विम्याचा हप्ता, 'ताई, यंदा तूप किती किलो?' एकदा तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा आला, तिला कोणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं तर पलीकडे त्या इतक्या रडल्या की मलाच त्यांना धीर द्यावा लागला.

तसं माझं सगळं सुरळीत चाललंय. ऑफिस, मुलाच्या परीक्षा, सगळं. अडतं ते भलत्याच ठिकाणी. साबुदाणा किती वेळ भिजवू, मुलाचा खोकला कफाचा वाटतो की कोरडा, आत्याच्या नातवाच्या बारशाला पाकिटात किती घालू, असले प्रश्न दिवसाला चार तरी पडतात. यूट्यूबला सगळं माहीत असतं हो. पण आईला विचारलं की आधी दोन शिव्या पडायच्या, मग उत्तर मिळायचं.

तुम्ही कोणी नंबर बंद केला का? की ठेवलात? आणि रोजच्या धबडग्यात हे सगळं कसं बसवलंत?

नऊ_चोवीसची_लोकल
बंद करू नका.

पटकन_सांगतो
ओटीपी येतात तोवर तरी चालू ठेवा! आमच्याकडे आईच्या खात्यातले पैसे आधी वळते करून घेतले, मग सावकाश बँकेला कळवलं. नाहीतर चकरा मारून चपला झिजतात.

निवृत्त_रोखपाल
@पटकन_सांगतो, हा सल्ला कृपया कोणी घेऊ नये. खातेदार गेल्यावर तिच्या कार्डावरून किंवा ओटीपीवरून पैसे काढणं चूकच, मग काढणारा पोटचा मुलगा का असेना. उद्या बहीण-भावात बिनसलं की पहिला कागद तोच बाहेर निघतो. माझी सगळी नोकरी काउंटरच्या आत गेली, असली भांडणं पोत्याने पाहिलीत.

मोगरी, खातं बाबांबरोबर जोडीचं असेल आणि 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशी सूचना असेल, तर मृत्यूचा दाखला देऊन ते बाबांच्या एकट्याच्या नावावर चालू राहतं. एकटीचं असेल आणि नॉमिनी असेल, तर दाव्याचा अर्ज, दाखला आणि नॉमिनीची ओळखपत्रं लागतात. नॉमिनीला पैसे मिळतात म्हणजे तो मालक झाला असं नव्हे. तो वारसांच्या वतीने घेतो, हे घरात सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा. दाखल्याच्या दहा-बारा प्रती काढून ठेवा, प्रत्येक ठिकाणी एक मागतात.

नंबर मात्र लगेच बंद करू नका. भावनेचं राहू द्या, गॅसचं बुकिंग, विजेचं बिल, पोस्टातली बचत, हे सगळं कोणत्या नंबरला जोडलंय ते आधी पाहा. घर चालवणाऱ्या बाईचा नंबर निम्म्या घराला जोडलेला असतो. एकेक सोडवत या.

तिरफळ_कुडाळ
आम्ही बंद केला. म्हणजे रिचार्ज केलं नाही आणि तो आपोआप बंद झाला. आपल्याकडे बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कोणालाही देऊ शकते, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

एके दिवशी सकाळी व्हॉट्सॲप उघडलं तर 'आई' या नावापुढे लाल बुलेटवर बसलेला, गॉगल लावलेला एक पोरगा. मी खुर्चीतच बसून राहिलो. धाकट्याला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'आवशीन बुलेट घेतल्यान आणि आमका सांगूक पण नाय.'

बऱ्याच दिवसांनी त्या दिवशी आम्ही दोघं पोट धरून हसलो आणि मग दोघंही फोनवर गप्प. त्या पोराला मी मेसेज केला नाही. त्याचा काय दोष? नंबर मात्र 'आई' याच नावाने सेव्ह आहे अजून. गणपतीत त्याने स्टेटसला घरच्या मखराचा फोटो टाकला होता. बरा होता मखर.

मीनल_इंदूर
@तिरफळ, ऑफिसात वाचलं आणि बुलेटवर जोरात हसले. शेजारच्याने विचारलं काय झालं. काय सांगणार!

एडिसनची_सून
मी न्यू जर्सीत असते. सकाळी साडेसातला गाडी काढायची, कानात फोन, तिकडे तिची संध्याकाळची दिवेलागण. उन्हाळ्यात पाच वाजलेले असायचे, हिवाळ्यात सहा. घड्याळं बदलली की पंधरा दिवस तिचा गोंधळ, 'आज उशीर का गं?' पस्तीस मिनिटांच्या रस्त्यात सगळी सोसायटी, सगळे नातेवाईक आणि टीव्हीवरच्या सगळ्या सासवा येऊन जायच्या.

ती गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अंत्यविधी मावसभावाने धरलेल्या फोनवर पाहिला, नेटवर्क जात-येत होतं. परत आल्यावर घरी काही वाटलं नाही, कारण या घरात ती कधी नव्हतीच. पहिल्या सोमवारी गाडीत बसले आणि हात फोनकडे गेला, तेव्हा कळलं.

नंतर पॉडकास्ट ऐकून पाहिले, गाणी लावली. जमलं नाही. मग मावशीला फोन करायला लागले. मावशीला गप्पांची अजिबात हौस नाही, चार मिनिटांत 'ठेवू का?' म्हणते. तरी करते. हल्ली सात मिनिटांपर्यंत पोचलोय.

@मोगरी, एक काम आजच करा. व्हॉट्सॲपवरचे तिचे व्हॉइस मेसेज दुसरीकडे उतरवून ठेवा. खातं १२० दिवस वापरलं गेलं नाही तर ते लोक काढून टाकतात. बाबा नुसताच फोन चार्ज करत असतील आणि आत नेट बंद असेल, तर ते खातं बंद पडू शकतं. 'एक्स्पोर्ट चॅट' करा, फाइल मेलवर टाका. ऐकायचं की नाही ते नंतर ठरवा.

मोगरी_कोथरूड
@एडिसनची_सून, बापरे, हे माहीतच नव्हतं. आत्ता बाबांना फोन करून विचारलं. वायफाय चालू आहे. वर म्हणाले, 'रोज सकाळी तिच्या ग्रुपवरचे सुप्रभात बघतो ना मी.' बघतात! आम्हाला पत्ताच नाही.

@निवृत्त_रोखपाल, आभार. गॅस तिच्याच नावावर निघाला.

शेवटचा_थांबा
मी एसटीत कंडक्टर. बाराव्याला जेवणं झाली, तेराव्याला पहाटेच्या गाडीवर ड्युटी. आमच्यात शोक-बिक करायला कोण रजा देतो? होती ती अर्जित रजा आजारपणातच संपली होती.

आईला ७५ पूर्ण झाली आणि २०२२ मध्ये सरकारने त्या वयाच्या लोकांना एसटी फुकट केली. म्हातारीला पंख फुटले. आज तुळजापूर, उद्या भाचीकडे, परवा नुसतीच बार्शीला जाऊन परत. माझ्या गाडीला बसली की मुद्दाम तिकीट मागायची. मी शून्य रुपयाचं तिकीट काढून द्यायचो. ती ते घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवायची आणि शेजारणीला सांगायची, 'लेक हाय, पण कायद्यानं चालतोय.'

आता प्रत्येक फेरीला चार-पाच म्हाताऱ्या असतातच. आधारकार्ड दाखवत्यात, मी तिकीट देतो, पुढं जातो. गर्दी असली की बरं. रिकामी गाडी असली की मागच्या बाकावर जाऊन हिशोब लिहीत बसतो.

मोगरीताई, नंबरचं तुमच्या वडलांना ठरवू द्या. भावाला सांगा, दोनशे रुपयात एवढं मिळतंय तर स्वस्त हाय.

शामराव_मिरज
सर्वांचे प्रतिसाद वाचले. मोगरीताई, दुःख आहेच, पण एका अर्थी आई भाग्यवान. मळवट भरून, सवाष्ण गेल्या. हे पुण्य सर्वांच्या वाट्याला येत नाही. यंदा अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घातलीत का? भाद्रपद वद्य नवमी, पितृपक्षातली.

मीठभाकर
@शामराव, वयाचा मान ठेवून सांगते, हे वाक्य आमच्या दारात निदान वीस जणींनी उच्चारलं. 'भाग्यवान गं, सवाष्ण गेली.' आणि मागे उरलेले बाबा? ते दारातच उभे होते, ऐकत. त्यांनी जगायला नको होतं का?

आता आलेच आहे तर वेगळंही सांगते. माझं आणि आईचं पटत नव्हतं. लहानपणापासून. मी सावळी, मी उद्धट, मी परजातीत लग्न केलेली. शेवटची दोन वर्षं मीच तिचं सगळं केलं, डायपरपासून. त्या काळातही तिने एकदा 'बरं केलंस' म्हटलं नाही. ती गेल्यावर सगळे म्हणाले, रड, मोकळी हो. मला रडू आलं नाही, झोप आली. आठवडाभर नुसती झोपले.

'आईसारखं दैवत नाही' वगैरे वाचलं की मी तो फोन बाजूला ठेवते. तरी बाजारात तिच्या आवडीची चवळीची कोवळी पालेभाजी दिसली की घेते. घरी कोणी खात नाही. का घेते, विचारू नका.

नऊ_चोवीसची_लोकल
@मीठभाकर, विचारत नाही.

अर्धा_चहा
मी समुपदेशनाचं काम करते, पण इथे फी नाही, निर्धास्त वाचा.

@मीठभाकर, झोप येणं अगदी साहजिक आहे. दोन वर्षांची जागरणं शरीर वसूल करतं. आणि न पटणारं माणूस गेलं की दुःख कमी होतं असं नाही, अनेकदा ते जास्त गुंत्याचं होतं, कारण भांडण मिटायची शक्यताही संपते.

दुसरं, 'दुःखाचे पाच टप्पे' म्हणून एक यादी सगळीकडे फिरते. नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ती मांडली ती मृत्यू समोर दिसत असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती नंतर चिकटली. त्यामुळे 'माझा तिसरा टप्पा आलाच नाही' म्हणून घाबरू नका. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांनी टप्पे एक्सेल शीटमध्ये मांडले होते!

लक्ष ठेवायचं ते एवढ्यावर, की वर्ष उलटून गेलं तरी जवळजवळ रोज तितकीच तीव्र ओढ, कामं ठप्प, माणसांत मन नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं असेल तर मदत घ्यावी. २०२२ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत याला स्वतंत्र जागा आहे. आणि जीव नकोसा वाटत असेल तर वर्षाची वाट कसली बघायची? टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तोंडपाठ करून ठेवा, स्वतःसाठी नाही तर शेजाऱ्यासाठी.

मोगरी, बाबांच्या रिचार्जमध्ये मला काळजीचं काही दिसत नाही. ते जेवतात ना, बाहेर जातात ना?

शामराव_मिरज
@मीठभाकर, आपलं म्हणणं पटलं. आमच्या पिढीला ते वाक्य तोंडात बसलंय, दुसरं काय बोलावं ते सुचत नाही म्हणून बोलतो. माझी पत्नी गेली तेव्हा मलाही दारातच हे ऐकवलं होतं. आज इतक्या वर्षांनी आठवलं.

नवमीला मी दर वर्षी एका सवाष्णीला जेवायला बोलावतो. शेजारची मुलगी येते, बँकेत आहे, लंच टाइममध्ये येऊन जाते. वडे मीच तळतो. बिघडतात.

अकोलेकर_गणू
शामराव काका, वडे बिघडले तरी चालते, आमसुलाची चटणी फक्कड पाहिजे बाप्पा.

माझी माय गेली त्याले सात वर्षं झाली. शेत तिच्या नावावर होतं, त्याच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे इतक्या चकरा झाल्या की रडाले टाइमच नाही भेटला. सातबाऱ्यावरून तिचं नाव निघालं आणि आमचं लागलं. तो नवा उतारा हातात घेऊन तहसीलच्या पायरीवर बसलो आणि तेव्हा जे रडलो, की चहावाला धावत पाणी घेऊन आला. नोंद तर मीच मागितली होती ना!

आजही बांधावर गेलो की मोठ्यानं सांगतो, माय, यंदा तुरी बऱ्या हायेत. बायको म्हणते लोक वेडा म्हणतीन. म्हणू द्या.

मोगरी_कोथरूड
सगळ्यांना एकेक करून उत्तर देणार होते, पण दोनदा लिहून पुसलं.

@अर्धा_चहा, जेवतात. बाहेरही जातात, आणि आता तर वेगळंच ऐका. आईची सोसायटीत भिशी होती. दहा जणी. तिचा नंबर मार्गशीर्षात लागणार होता. मला वाटलं हिशोब करून मोकळं करतील. तर त्या बायकांनी बाबांना सांगितलं, 'भावोजी, तुम्ही तिच्या जागी या.' आणि हे गेले! दर महिन्याला शर्टाला इस्त्री करून जातात. हाऊजी खेळतात. मागच्या वेळी एक ओळ लागली तर स्टीलचा डबा बक्षीस घेऊन आले. दादाला फोटो पाठवला, त्याचा दोन तास रिप्लाय नाही. मग एवढंच आलं, 'डबा आईला आवडला असता.' रिचार्जचा विषय त्याने त्यानंतर काढलेला नाही.

तिरफळ_कुडाळ
भावोजींना आमचा नमस्कार! मार्गशीर्षात पार्टी देताना धागा काढा.

पटकन_सांगतो
@निवृत्त_रोखपाल, तुमचा प्रतिसाद बहिणीला पाठवला. तिने 'मी तेव्हाच सांगत होते' म्हटलं. आता हिशोब लिहून काढतोय.

बाकी मोगरीताई, नंबर कंपनीच्या गॅलरीत जाऊन बाबांच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, बाबांचं आधार, नातं दाखवणारा एखादा कागद. गेलेल्या माणसाच्या नावावर सिम चालू ठेवण्यापेक्षा ते बरं. रिचार्ज त्यांनी करायचं तितकं करू दे.

निवृत्त_रोखपाल
@पटकन_सांगतो, शाब्बास. आणि ही सूचना योग्य.

नऊ_चोवीसची_लोकल
वर एक ओळ टाकून पळालो होतो, गाडी आली होती.

आम्ही दोन खोल्यांत राहतो. आईची खाट बाहेरच्या खोलीत होती. ती गेली आणि पंधराव्या दिवशी खाट काढावी लागली, मुलीचं दहावीचं वर्ष, टेबल लावायला जागा नव्हती. भंगारवाला घेऊन गेला. मुलगी आता त्याच कोपऱ्यात अभ्यास करते, आणि रात्री मी पाणी प्यायला उठलो की अजून खाटेला वळसा घालून जातो. खाट नाही तिथे. बायकोही घालते. कोणी कोणाला काही बोललेलं नाही.

ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी ठेवावं जे ठेवायचं ते. नंबरला तर जागाही लागत नाही.

एडिसनची_सून
@नऊ_चोवीस, हे वाचून गाडी बाजूला घेतली.

मोगरी_कोथरूड
नंबर बाबांच्या नावावर करायचं ठरलं. शनिवारी दादा सुट्टी काढून येतोय, तोच घेऊन जाणार आहे त्यांना.

आता दुसरा तंटा. दिवाळी तोंडावर आलीय. आत्या म्हणते वर्षाच्या आत घरात तळण नाही, फराळ तीच आणून देणार. बाबा परवा सहज म्हणाले, 'चकली करणार नाहीस का?' आता काय करू?

शामराव_मिरज
वर्षाच्या आत सण करीत नाहीत अशी रीत आहे. फराळ आप्तांनी आणून द्यावा, तो खायला हरकत नाही. चकली मात्र सणाचीच असते असं कुठे लिहिलेलं नाही. चहाबरोबरही खातात.

मीठभाकर
शामराव, आज तुम्ही मला फारच आवडायला लागलात. आत्याचा फराळ घ्या, आणि दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी चकल्या करा. सण नाहीच मग.

मोगरी_कोथरूड
आईची भाजणी सापडली, गेल्या वर्षीच्या कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशोबाखाली. अक्षर लागतंय. तांदूळ ४ वाट्या, ह. डाळ २, मूग डाळ १, उडीद डाळ १, जिरे २ चमचे. आणि शेवटी 'धने नेहमीचे'. नेहमीचे म्हणजे किती हो?

तिरफळ_कुडाळ
पाव वाटी. भाजून.

मीनल_इंदूर
अर्धी वाटी! पाव वाटीत वासही येणार नाही.

अकोलेकर_गणू
धने टाकतच नाही आमच्याकडे. ओवा टाका.

मीठभाकर
ओवा थालीपिठात, गणूभाऊ. मोगरी, पाव वाटीवर थांब, आणि धने सगळ्यात शेवटी मंद आचेवर भाज, नाहीतर भाजणी कडू होते. पोहे किती लिहिलेत? पोह्यांशिवाय खुसखुशीत होणार नाहीत.

मोगरी_कोथरूड
पोहे लिहिलेलेच नाहीत. बाबांना विचारते.